एका परराष्ट्र मुद्द्यावर उमापूरहून लोकसभेला: खर्च किती, पदरात काय

गेवराई तालुक्यातल्या उमापूरच्या एखाद्या नागरिकाला परदेशी कापसाच्या आयातीवर, अमेरिकेशी होणाऱ्या व्यापार करारावर, चीनच्या सीमेवर किंवा गाझातल्या युद्धावर, अशा एकाच मुद्द्यावर लोकसभा लढवायची असेल, तर त्याने किती पैसे बाजूला काढावेत? जपून खर्च केला तर दीड ते दोन लाख रुपये. त्यातले अनामतीचे पंचवीस हजार परत येणार नाहीत, हे पहिल्याच दिवशी धरून चालावं. एवढ्या पैशात खासदारकी मिळत नाही. मिळते ती आपल्या मुद्द्याची गावागणिक, मतदान केंद्रागणिक झालेली सरकारी नोंद. ही नोंद मोलाची आहे असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच ती मिळवताना रुपयाही वाया जाऊ नये यासाठी हा हिशेब.

आधी निवडणूक बरोबर निवडा

विधानसभेची अनामत १० हजार, लोकसभेची २५ हजार. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना दोन्हीकडे निम्मी. हा फरक पाहून अनेकांचा कल विधानसभेकडे जातो. जिल्हा परिषद, पंचायत समिती तर त्याहून स्वस्त. पण परराष्ट्र व्यवहार, परदेशांशी करार, आयात-निर्यात आणि सीमाशुल्क हे सगळे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत आहेत. मुंबईत निवडून गेलेला आमदार यावर फार तर भाषण करू शकतो. मुद्दा परराष्ट्राचा असेल तर उभं राहायचं ते बीड लोकसभेलाच. गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज आणि परळी हे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून ती होते. पुढच्या निवडणुकीपर्यंत मतदारसंघांची पुनर्रचना झाली तर सीमा बदलू शकतात, तेव्हा कामाला लागण्याआधी गाव कुठल्या मतदारसंघात आहे ते पुन्हा पाहा.

खासदाराच्या हातात तरी किती असतं, तेही समजून घ्या. आपल्याकडे परदेशाशी करार करायला संसदेची पूर्वसंमती लागत नाही. करार केंद्र सरकार करतं. त्याच्या अंमलबजावणीसाठी कायदा लागला तर तो संसदेपुढे येतो. सीमाशुल्काचं मात्र वेगळं आहे. शुल्काचे दर अर्थसंकल्पाबरोबर लोकसभेत येतात, मधल्या काळातल्या अधिसूचनाही सभागृहापुढे ठेवाव्या लागतात. म्हणून ‘अमेरिकेपुढे झुकू नका’ ही मागणी घेऊन उभं राहण्यापेक्षा ‘कापसावरचं आयात शुल्क संसदेत चर्चा झाल्याशिवाय हटवू नका’ ही मागणी कितीतरी पक्की. तिच्यात कुणाकडे काय मागायचं ते स्पष्ट आहे.

उमापूरच्या मतदाराला ती समजावून सांगावी लागत नाही. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं होतं आणि कापड निर्यातदारांना स्वस्त कापूस हवा होता. आपल्याकडची वेचणी नेमकी याच काळात येते. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामातला हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. खासगी व्यापाऱ्याने किती कमी दिले, हे ज्याने गाडी भरून जिनिंगवर नेली त्याला पाठ आहे. वॉशिंग्टनमधला निर्णय गेवराईच्या काट्यावर कसा उतरतो, हे सांगायला याहून जवळचं उदाहरण नको.

कांद्याचंही तेच. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली आणि निवडणूक ऐन भरात असताना, ४ मे २०२४ ला, ती उठली. त्याच वेळी ४० टक्के निर्यात शुल्क मात्र लागलं. बीडचं मतदान १३ मे रोजी होतं. आष्टी-कडा भागातल्या कांदा उत्पादकाला या तारखांची कुणी आठवण करून द्यायची गरज नाही.

पंचवीस हजारांची अनामत

ही रक्कम एवढी का, याचं उत्तर मराठी माणसाच्या एका लढ्यात आहे. १९९६ साली बेळगाव लोकसभा मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष वेधण्यासाठी मराठी भाषकांनी अर्जांचा पाऊस पाडला होता. त्याच वर्षी आंध्रातल्या नलगोंड्यात फ्लोराइडयुक्त पाण्याच्या प्रश्नावर आणि तामिळनाडूतल्या मोडकुरिची विधानसभेत शेतकऱ्यांच्या मागण्यांवर असंच झालं. मोडकुरिचीत तर उमेदवार हजाराच्या वर गेले. त्यानंतर कायदा बदलला. लोकसभेची ५०० रुपयांची अनामत १० हजारांवर गेली आणि अपक्षाला दहा सूचक सक्तीचे झाले. २०१० पासून अनामत २५ हजार आहे. एकाच प्रश्नासाठी उभं राहणाऱ्यांना आवर घालायला केलेला हा नियम आहे. माझ्या मते दहा सूचकांची अट रास्त आहे. रकमेचा बोजा मात्र नेमका ज्याच्यामागे पक्ष नाही त्याच्यावर पडतो.

अनामत परत मिळवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. २०२४ ला बीडमध्ये सुमारे १५ लाख मतं पडली, म्हणजे अडीच लाखांचा पल्ला. रिंगणात ४१ उमेदवार होते. बजरंग सोनवणे आणि पंकजा मुंडे या पहिल्या दोघांखेरीज कुणाचीच अनामत वाचली नाही. अर्ज मुदतीत मागे घेतला तर ती परत मिळते. रक्कम निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे रोखीने किंवा कोषागारात चलनाने भरा. धनादेश चालत नाही. एकाच वेळी दोन मतदारसंघांत उभं राहण्याचा मोह टाळा, कारण अनामत वाचली तरी एकाच ठिकाणची परत मिळते.

दहा सूचक आणि कागदपत्रं

खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. सूचक त्याच लोकसभा मतदारसंघाचे मतदार हवेत. सगळे उमापूरचेच असावेत असं नाही. प्रत्येकाचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या मतदार यादीवरून उतरवा, जुन्या ओळखपत्रावरून नको. यादी दुरुस्त झाली की अनुक्रमांक सरकतात.

एक बाब जवळून पाहण्यासारखी आहे. सही करणाऱ्या सूचकाने घरी बसून अर्जावर सही केली तरी चालते. अंगठा लावणाऱ्याचं तसं नाही. तो अंगठा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर उमटवून त्याने साक्षांकित करावा लागतो. जिच्या शब्दाला गावात वजन आहे अशी एखादी आजी पहिली सूचक असावी, असं उमेदवाराला वाटणं स्वाभाविक आहे. मग आजीला गाडीने बीडच्या जिल्हाधिकारी कार्यालयात न्या, जेवणाची सोय करा, आणि दुपारी ३ च्या आत काम उरका, कारण अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३ एवढ्याच वेळात घेतात. गावातून बीडला जीप आणि माणसांचं जेवण मिळून चार-पाच हजार धरा. दहाऐवजी बारा-तेरा जणांना आधीच विचारून ठेवा. ऐन वेळी एखाद्यावर घरातून दबाव येतो आणि तो मागे सरतो, हे आपल्याकडे नवं नाही. चार अर्ज भरता येतात आणि अनामत एकदाच भरायची असते. तेव्हा दुसरा अर्ज वेगळ्या सूचकांचा भरून ठेवणं हा फुकटातला विमा आहे.

नमुना २-अ हा अर्ज, नमुना २६ हे प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्रात स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्जं, खटले, शिक्षण, पॅन आणि पाच वर्षांच्या विवरणपत्रांतलं उत्पन्न लिहायचं असतं. एकही रकाना कोरा ठेवू नका. काही नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार, सूचना देऊनही रकाने कोरे राहिले तर अर्ज बाद होतो. नोटरी, झेरॉक्स, फोटो, टंकलेखन यांना तीन ते पाच हजार पुरतात. अर्ज भरल्यावर आणि छाननीच्या दिवसाआधी शपथ घ्यायची असते. तिला पैसा लागत नाही. पण ती राहून गेली तर बाकी सगळा खर्च पाण्यात जातो.

उमेदवारावर फौजदारी खटले असतील तर त्यांची माहिती तीन वेळा वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर जाहीर करावी लागते, आणि तो जाहिरातखर्चही उमेदवाराचाच. आंदोलनात रास्ता रोकोचे गुन्हे अंगावर असलेल्या कार्यकर्त्यांनी हा आकडा आधीच विचारून घ्यावा.

प्रचाराचा पैसा

महाराष्ट्रात लोकसभेसाठी खर्चाची मर्यादा ९५ लाख आहे. आपल्याला तिच्याजवळही जायचं नाही. अर्ज माघारीनंतर प्रचाराला जेमतेम दोन आठवडे मिळतात. मतदार २१ लाखांच्या वर आणि मतदान केंद्रं दोन हजारांहून अधिक. प्रत्येक केंद्रावर एक प्रतिनिधी बसवून त्याच्या चहा-जेवणाचे पाचशे रुपये धरले तरी दहा लाख होतात. ते सोडून द्या. सहाही विधानसभा मतदारसंघ पालथे घालायला जाऊ नका. गेवराई, त्याला लागून असलेली माजलगावची कापसाची गावं आणि हवं तर कांद्यासाठी आष्टी, एवढंच धरा.

माझा अंदाज असा. एक मालवाहू रिक्षा, भोंगा, चालक आणि इंधन मिळून दिवसाला अडीच-तीन हजार. बारा दिवसांचे तीस ते छत्तीस हजार. पन्नास हजार पत्रकं छपाई आणि वाटपासह पन्नास-साठ हजार. हिशेब लिहायला एक चोख माणूस, पंधरा हजार. आठवडी बाजारातल्या कोपरा सभा, परवाने, फोन आणि किरकोळ मिळून वीस हजार. यात अनामत आणि कागदपत्रं मिळवली की बेरीज दीड लाखाच्या आसपास जाते. मंडपाच्या एका मोठ्या सभेत यातले निम्मे पैसे उडू शकतात. एकाच मुद्द्याच्या उमेदवाराला ती परवडत नाही आणि तिची गरजही नाही.

जिल्हा निवडणूक अधिकारी खुर्ची, चहा, वडापाव, मंडप, गाडी अशा प्रत्येक गोष्टीचं दरपत्रक काढतात. ते पहिल्याच दिवशी मागून घ्या. मित्राने गाडी फुकट दिली तरी तिचं भाडं तुमच्या खर्चात धरलं जातं. प्रचारकाळात किमान तीनदा नोंदवही तपासणीला न्यावी लागते आणि निवडणूक यंत्रणेकडेही तुमच्या खर्चाची समांतर वही असते. दोन्हींचा मेळ बसला पाहिजे. मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना मतदार यादीच्या प्रती मोफत मिळतात, त्या पक्षांना आकाशवाणी-दूरदर्शनवर वेळही मिळतो. अपक्षाला यातलं काही नाही. यादी विकत घ्यावी लागते. सगळ्या मतदारसंघाची घेऊ नका, तुमच्या निवडक गावांचीच घ्या.

चिन्ह निवडताना घाई करू नका. मुक्त चिन्हांतून तीन पसंत्या द्यायच्या असतात. २०२४ ला शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस होतं, आणि बीडमध्ये तुतारी हे मुक्त चिन्ह मिळालेल्या एका अपक्षाला पन्नास हजारांवर मतं गेली. निकाल ६,५५३ मतांनी लागला होता. चिन्हाच्या सारखेपणातून आलेली मतं तुमच्या मुद्द्याची नसतात, आणि आपण पैसे मोजतोय ते मुद्द्याची मतं मोजून घेण्यासाठी. कुठल्याही मोठ्या पक्षाच्या चिन्हाशी साधर्म्य नसलेलं, ओळखायला सोपं चिन्ह घ्या.

परदेशातला पैसा आणि तोंडातले शब्द

अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं. १० हजारांवरची रक्कम रोखीने घेऊ नका, देऊ नका. अपक्षाला देणगी देणाऱ्याला आयकरात सूट मिळत नाही. ती पक्षाच्या देणगीलाच आहे. देणगीदाराला हे आधीच सांगा.

परराष्ट्र मुद्द्यावर उभ्या राहणाऱ्याला बाहेरून मदतीचे फोन हमखास येतात. परकीय योगदान नियमन कायद्यानुसार उमेदवाराला परदेशी स्रोताकडून पैसे घेता येत नाहीत. अमेरिकेत नोकरी करणारा गावचा मुलगा भारतीय पारपत्रावर असेल, तर त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे चालतात. त्याचाच मित्र तिकडचा नागरिक झाला असेल, तर मग तो कितीही आपला असो, त्याचे चालत नाहीत; तिकडच्या मंडळाचे किंवा संस्थेचेही नाहीत. नातेवाइकांसाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे, पण वकिलाचा सल्ला घेतल्याखेरीज असा रुपयाही खात्यात येऊ देऊ नका. एका वकिलाची फी या चुकीच्या किमतीपुढे काहीच नाही.

बोलण्यालाही किंमत आहे. गाझा, बांगलादेश, पाकिस्तान यांवर भारताने काय करावं, हे सांगणं तुमचा हक्क आहे. त्या निमित्ताने धर्माच्या नावावर मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचार आहे. तो सिद्ध झाला तर सहा वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. सीमेवरच्या जवानांचे, लष्करी अधिकाऱ्यांचे फोटो प्रचारात वापरायला निवडणूक आयोगाची मनाई आहे. चीन-पाकिस्तान हा मुद्दा असलेल्या उमेदवाराच्या फलकावर असा फोटो सहज येतो आणि छापून झालेले फलक उतरवावे लागतात. प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता हवाच. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंडाची तरतूद आहे.

या पैशात पूर्वी कुणाला काय मिळालं

परराष्ट्र धोरणावरची सगळ्यात गाजलेली निवडणूक महाराष्ट्रातच झाली. फेब्रुवारी १९६२, उत्तर मुंबई. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध आचार्य कृपलानी उभे राहिले ते चीनविषयीच्या धोरणावर बोट ठेवून, आणि अनेक विरोधी पक्ष त्यांच्या मागे होते. कृपलानी सुमारे १ लाख ४५ हजार मतांनी हरले. ऑक्टोबरात चीनने हल्ला केला, नोव्हेंबरात मेनन यांना मंत्रिमंडळ सोडावं लागलं. कृपलानी १९६३ मध्ये अमरोह्याच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत गेले आणि त्याच ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतंत्र भारतातला पहिला अविश्वास ठराव मांडला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला. पण चीनच्या प्रश्नावर सरकारला सभागृहात दिवसचे दिवस उत्तरं द्यावी लागली. मुंबईतली हार फुकट गेली असं मी म्हणणार नाही.

ब्रिटनमध्ये अनामत ५०० पौंड आणि ती वाचवायला पाच टक्के मतं पुरतात. जुलै २०२४ मध्ये लेस्टर साउथ, ब्लॅकबर्न, बर्मिंगहॅम पेरी बार आणि ड्यूसबरी-बॅटली इथून प्रामुख्याने गाझाच्या प्रश्नावर लढलेले चार अपक्ष निवडून आले. तिथला मतदारसंघ साधारण पाऊण लाख मतदारांचा असतो, आणि तो प्रश्न घरचा वाटणारे मतदार त्या वस्त्यांत दाट आहेत. २१ लाखांच्या बीडमध्ये तो दाखला चालणार नाही. बीडला जवळचा दाखला निजामाबादचा: २०१९ ला तेलंगणातल्या त्या मतदारसंघात हळदीच्या भावासाठी आणि हळद मंडळासाठी पावणेदोनशेच्या आसपास शेतकरी उभे राहिले, एकूण उमेदवार १८५ झाले. त्यातला एकही शेतकरी जिंकला नाही. हळद मंडळ जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालं, मुख्यालय निजामाबादलाच.

उभं न राहता

हातात दोन लाख नसतील तरी मार्ग आहेत. उमापूरच्या ग्रामसभेत ठराव करून तो खासदार आणि वाणिज्य मंत्रालयाला पाठवायला टपालखर्च तेवढा लागतो. खासदाराकडे लोकसभेत प्रश्न विचारण्याचा आग्रह धरता येतो. प्रश्नाला मंत्र्याचं लेखी उत्तर मिळालं की ते छापून गावात लावता येतं. लोकसभेच्या याचिका समितीकडे अर्ज करता येतो. संसदेच्या स्थायी समित्या एखाद्या विषयावर जनतेची निवेदनं मागवतात, तेव्हा कापूस उत्पादकाचं दोन पानी निवेदन, आकड्यांसह, नक्की पाठवावं. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. दहा गावांचे दहा ठराव आधी करा आणि मग उभं राहायचं का ते ठरवा, असा माझा सल्ला. ठराव झालेल्या गावांतून सूचकही आपोआप मिळतात.

निकालानंतरची दोन कामं

पहिलं, नमुना २० मिळवा. प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली याचा तो तक्ता असतो आणि मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो विनाशुल्क पाहता येतो. ज्या गावांत रिक्षा फिरली आणि ज्यांत फिरली नाही, त्यांची मतं शेजारी मांडा. चारशे मतं पडली पण त्यातली तीनशे मतं पाचच केंद्रांवरची असली, तर त्या पाच गावांत मुद्दा पोचला. हा कागद घेऊन कुठल्याही पक्षाच्या उमेदवाराकडे गेलात तर तो तुमचं ऐकून घेईल.

दुसरं काम, हिशेब. निकालापासून ३० दिवसांच्या आत खर्चाचा पूर्ण हिशेब, पावत्या आणि बँकेचा उतारा जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. २०२४ चा निकाल ४ जूनला लागला, म्हणजे मुदत ४ जुलै होती. हरलेल्याने, अनामत गेलेल्याने, अगदी काहीच खर्च न केलेल्यानेही तो द्यायचा असतो. दिला नाही तर आयोग तीन वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला अपात्र ठरवू शकतो. हिशेब लिहिणाऱ्या माणसाचे पंधरा हजार निकालानंतर द्या, आणि तेही तो बीडहून पोच घेऊन आल्यावरच.